कल्पित जगातले युद्ध कसे लिहावे: नवलेखकांसाठी टंचाईपासून सुरू होणारी पद्धत

युद्ध, सत्ता आणि माणसाची तगून राहण्याची धडपड या विषयांवर विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा शस्त्रांपासून सुरुवात करतो. यानांची नावे ठरतात, तलवारींचे गुणधर्म ठरतात, राजघराण्यांच्या वंशावळी तयार होतात, नकाशाही रंगवून होतो आणि कथा मात्र तिसऱ्या-चौथ्या पानावर अडते. या प्रकारात मी स्वतः लिहिले आहे आणि नव्या लेखकांचे बरेच खर्डेही वाचले आहेत. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, सुरुवात टंचाईपासून करावी. तुमच्या जगात नेमके काय पुरत नाही हे एकदा ठरले की युद्धाचे कारण, सत्तेची जागा आणि जगण्याची धडपड या तिन्ही गोष्टी त्या एकाच मुळातून वर येतात. त्या वेगवेगळ्या शोधाव्या लागत नाहीत.

पुढच्या पायऱ्या पहिली कथा लिहिणाऱ्यासाठी आहेत. त्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात, कारण प्रत्येक पायरीवर मिळालेली उत्तरे पुढच्या पायरीला लागतात.

हाताशी काय असावे

- एक आखीव वही. तिच्यात कथा लिहायची नाही, हिशेब लिहायचा.
- नकाशासाठी चौकटींचा कागद आणि एका चौकटीचे किलोमीटर किती याची ठरलेली मोजपट्टी.
- साधा कॅल्क्युलेटर. लागणारे गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.
- कथेतल्या दिवसांची तारीखवार यादी, म्हणजे कोणत्या दिवशी कोण कुठे होते हे एका नजरेत दिसेल.
- कोणत्याही एका खऱ्या वेढ्याचा किंवा मोहिमेचा विश्वासार्ह इतिहास. कथा-कादंबऱ्यांपेक्षा असा एक ग्रंथ नीट वाचणे अधिक उपयोगी पडते.

१. आधी टंचाई ठरवा

एकच वस्तू निवडा आणि ती शक्य तितकी ठोस असू द्या. 'साधनसंपत्ती' किंवा 'ऊर्जा' असे मोघम शब्द वहीत लिहू नका. पाणी, मीठ, बियाणे, एखादे औषध, एखादा सुटा भाग, एखादी विद्या जाणणारी माणसे, असे काहीतरी लिहा, जे मोजता येते, चोरता येते, लपवता येते आणि संपते.

हा लेख समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मंगळावर जमिनीखालच्या बोगद्यांत राहणारी ३०० माणसांची वसाहत आहे. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे या वसाहतीला रोज सुमारे २५० किलो ऑक्सिजन हवा. बर्फ वितळवून आणि पाण्याचे विघटन करून तो मिळवता येतो, असे मानू. पण बंदिस्त जागेत ऑक्सिजन संपण्याच्या आधीच श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाला मारतो. प्रथम डोके दुखते, मग गुंगी येते, मग शुद्ध हरपते. तो वायू शोषणाऱ्या गाळणपट्ट्या झिजतात आणि नव्या पट्ट्या फक्त शेजारच्या, शत्रुत्व धरून असलेल्या वसाहतीत बनतात. एवढे ठरले की कथेच्या मध्यभागी एक वस्तू आली, तिला आकडा मिळाला आणि दोन बाजूही आपोआप उभ्या राहिल्या.

अद्भुतकथेतही हेच करावे. मंत्रविद्या असेल, तर ती कशाने खर्च होते ते आधी ठरवा. मंत्र फुकट असेल तर त्याच्यासाठी कोणी लढणार नाही, आणि तो अमर्याद असेल तर लढाई पहिल्याच दिवशी संपेल.

२. अंतर आणि वेळ यांचा हिशेब मांडा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी वाटते आणि कथेचा बहुतेक ताण हिच्यातूनच मिळतो, म्हणून येथे घाई करू नका.

घोडे-खेचरांच्या जगापासून सुरुवात करू. पायदळ दिवसाला साधारण २० ते २५ किलोमीटर चालते आणि सामानसुमान, आजारी माणसे व खराब रस्ते असले की त्याहूनही कमी. ओझ्याचे जनावर सुमारे १०० किलो दाणा वाहते आणि चारा वाटेत मिळाला तरी रोज पाचेक किलो दाणा स्वतः खाते. आता हिशेब करा. कोठारापासून १०० किलोमीटर दूर असलेल्या सैन्याकडे जायला पाच दिवस, परतायला पाच दिवस. या दहा दिवसांत जनावराने ५० किलो खाल्ले, म्हणजे सैन्याच्या हाती अर्धेच ओझे पडले. तेच सैन्य २०० किलोमीटर पुढे गेले, तर संपूर्ण ओझे वाटेतच संपते आणि पोहोचते ते रिकामे पोते. हाकणाऱ्या माणसाचे पोट यात अजून धरलेलेच नाही. एवढ्या एका गणितावरून तुमच्या सेनापतीला नदीकाठ का सोडवत नाही, सुगीच्या आधी मोहीम का काढता येत नाही, आणि वाटेतले गाव त्याला मित्र म्हणून हवे की लुटायला हवे, हे सारे ठरते.

पानिपतचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी असलेला मार्ग तोडला. फौजेबरोबर लढणाऱ्यांखेरीज बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव होता आणि त्या सर्वांची पोटे त्याच दाणागोट्यावर चालत होती. शत्रूची रसद मारण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि तो उपायही संपला. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य तळाबाहेर पडले, ते तळात राहून जगणे शक्य उरले नव्हते म्हणून. लढाईचा दिवस एक होता. तिची तारीख मात्र त्याआधीच्या अडीच महिन्यांत कोठारांनी ठरवली होती. तुमच्या कथेतही लढाईच्या प्रसंगाआधी असा घटत जाणारा आकडा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवा.

अंतराळातली अंतरे याहून निष्ठुर असतात. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातले अंतर सुमारे साडेपाच कोटी ते ४० कोटी किलोमीटर यांदरम्यान बदलते, त्यामुळे एका बाजूने पाठवलेला संदेश पोहोचायला सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. प्रवासासाठी सोयीची ग्रहस्थिती साधारण २६ महिन्यांनी एकदा येते आणि आजच्या तंत्राने प्रवासाला सहा ते नऊ महिने जातात. म्हणजे मंगळावरच्या वसाहतीवर हल्ला झाला, तर पृथ्वीवरून सल्ला अर्ध्या-पाऊण तासात मिळेल, कुमक मात्र दोन वर्षांनंतरही पोहोचली तर नशीब. हल्ला करणारा शहाणा असेल, तर तो ग्रहस्थिती नुकतीच टळल्यावर करील. कथेचा मुहूर्त असा आकाशातून मिळतो.

तारे गाठायचे असतील तर आणखी सावध राहा. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजर १ या अंतराळयानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने, तिथे पोहोचायला ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास कथेत आणायला माझी हरकत नाही, पण तो आणलात की त्याची मर्यादाही त्याच पानावर सांगा, अन्यथा दूर असण्याला काही अर्थच उरत नाही.

३. शस्त्राची आणि मंत्राची किंमत ठरवा

प्रत्येक शस्त्रापुढे वहीत तीन रकाने करा: ते चालवायला काय खर्च होते, ते कोण चालवू शकते, आणि चालवल्यानंतर चालवणाऱ्याचे काय होते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते शस्त्र कथेतून काढून टाका.

अंतराळयुद्धात स्फोटकांची गरज अनेकदा नसतेच. एक किलोची वस्तू सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने आदळली, तर तिची ऊर्जा साधारण एक किलो टीएनटीइतकी असते आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे नुसता दगडसुद्धा शस्त्र ठरतो आणि फुटलेल्या यानाचे तुकडे दोन्ही बाजूंना घातक होतात. लपून बसणेही सोपे नाही. निर्वातात उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग केवळ प्रारणाचा, म्हणजे ती किरणांच्या रूपाने सोडण्याचा असतो आणि माणसांना जगवण्याइतके उबदार यान २.७ केल्विन (सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस) तापमानाच्या पार्श्वभूमीवर अवरक्त प्रकाशात दिव्यासारखे दिसते. यानातल्यांना अदृश्य व्हायचे असेल तर यंत्रे बंद करून थंडीत कुडकुडत बसावे लागेल, आणि उबेसाठी कोण किती वेळ थांबू शकतो हा एक उत्तम प्रसंग तुम्हाला आयता मिळेल. निर्वातात आवाज जात नाही हे बहुतेकांना ठाऊक असते. ते नुसते सांगू नका, शेजारचे यान फुटले तरी आतल्या पंख्याची घरघरच ऐकू येत राहते, असे दाखवा.

उडणारी अजस्र जनावरे हवी असतील तर त्यांचे पोट विसरू नका. हत्ती दिवसाला साधारण १५० किलो चारा खातो. त्याच वजनाचे मांसाहारी, उडणारे जनावर पाळणाऱ्या राजाला रोज किती गुरे मारावी लागतील, ती गुरे कोणाच्या गोठ्यातून येतील आणि ज्याचा गोठा रिकामा झाला तो शेतकरी युद्धात कोणाच्या बाजूने उभा राहील? या प्रश्नांची उत्तरे लिहिली की त्या जनावराचा दरारा वाढतो, कारण ते आता राज्याच्या अंगावर बसलेला खर्च असते.

४. सत्ता कोणाच्या हातात आहे ते शोधा

सिंहासनावर कोण बसले आहे हे सांगून सत्तेचे चित्र पुरे होत नाही. टंचाईची वस्तू कोण मोजतो, कोण वाटतो आणि त्याच्या मोजमापावर इतर लोक विश्वास का ठेवतात, हे लिहा.

यासाठी मी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली राज्याची सात अंगे वापरण्याचा आग्रह धरतो: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. वहीत दोन्ही बाजूंसाठी सात-सात ओळी करा. स्वामी म्हणजे राज्यकर्ता, अमात्य म्हणजे कारभारी, जनपद म्हणजे भूमी आणि तिच्यावरची प्रजा, दुर्ग म्हणजे संरक्षणाची जागा, कोश म्हणजे खजिना, दंड म्हणजे सैन्य आणि मित्र म्हणजे बाहेरचा आधार. यादीत जे अंग आधी येते त्याच्यावरचे संकट नंतरच्या अंगावरच्या संकटापेक्षा गंभीर, असा कौटिल्याचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे अमात्य फितणे हे सैन्य हरण्यापेक्षा वाईट. नवे लेखक सारा संघर्ष दंड या एका अंगावर रचतात आणि बाकीची सहा अंगे मोकळी सोडतात. तुम्ही प्रत्येक बाजूचे एक दुबळे अंग निवडा आणि कथेतला निर्णायक घाव तिथे घाला.

आपल्या मंगळावरच्या वसाहतीत स्वामी म्हणून निवडून आलेला प्रशासक असेल, पण खरी सत्ता कोठाराची नोंदवही सांभाळणाऱ्या बाईकडे आहे. समजा तिच्या वहीत डावीकडे तारीख, मध्ये शिल्लक गाळणपट्ट्या आणि उजवीकडे घेणाऱ्याची सही आहे. एका सकाळी मधल्या रकान्यातला ४१ हा आकडा खोडून त्यावर ३४ लिहिलेले आहे, शाई वेगळी आहे, आणि उजवीकडे सही नाही. वसाहतीत बंड होणार की नाही, हे या खाडाखोडीचे ती बाई काय करते यावर अवलंबून आहे. ती प्रशासकाकडे जाईल, गप्प राहील की नवीन पान लावील? यातले कोणतेही उत्तर घेतले तरी कथा पुढे सरकते, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही.

आज्ञा पाळणाऱ्यांचाही विचार करा. आज्ञा देणारा एक असतो आणि ती अमलात येते ती असंख्य हातांमधून. १९८३ मध्ये, २६ सप्टेंबरच्या रात्री, सोव्हिएत संघाच्या इशारा केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा अधिकारी कामावर होता. अमेरिकेकडून क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा संगणकाने दिला. आधी एक, मग आणखी चार. खरा पहिला हल्ला अवघ्या पाच क्षेपणास्त्रांचा नसणार, असा विचार करून त्याने तो इशारा खोटा असल्याचे वर कळवले. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. तुमच्या कथेत अशा मधल्या पायरीवरच्या माणसाला नाव, चेहरा आणि निर्णय द्यायची जागा ठेवा.

५. तगून राहण्याचे रोजचे काम लिहा

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राड शहराला घातलेला वेढा ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असा ८७२ दिवस चालला. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये शिधा सर्वांत खाली आला, तेव्हा कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि इतरांना १२५ ग्रॅम पाव मिळत होता, त्या पावातही भेसळ होती. शहराजवळचे लाडोगा सरोवर गोठले तेव्हा बर्फावरून रसदीचा रस्ता उघडला. म्हणजे जी थंडी माणसे मारत होती तिनेच वाट दिली. त्याच शहरात वनस्पतिसंस्थेचे कर्मचारी तांदूळ, गहू, शेंगांच्या बियाण्यांचा संग्रह राखत होते आणि त्यांच्यातले काही जण त्या धान्याला हात न लावता उपासमारीने मेले. माणसाच्या जगण्यावर लिहायचे असेल तर हा प्रसंग मनाशी बाळगा, पण त्याची नक्कल करू नका. त्यातून एकच प्रश्न उचला: तुमच्या पात्रांजवळ अशी कोणती वस्तू आहे, जी खाल्ली तर आज जगता येईल आणि राखली तर पुढची पिढी जगेल?

मानववंश टिकण्याची कथा असेल तर लोकसंख्येचा आकडाही विचारपूर्वक घ्या. संवर्धन-जीवशास्त्रात ५० आणि ५०० असा एक ढोबळ नियम १९८० पासून सांगितला जातो: जवळच्या नात्यांतल्या संततीचे तातडीचे दुष्परिणाम टाळायला प्रजननक्षम अशा किमान ५० जणांची आणि दीर्घकाळ जनुकीय वैविध्य टिकवायला ५०० जणांची गरज असते. हे आकडे वादाच्या पलीकडचे नाहीत, पण एक पुरुष आणि एक स्त्री वाचले व त्यांच्यापासून नवे जग सुरू झाले, अशा शेवटापासून ते तुम्हाला दूर ठेवतील. आपल्या ३०० जणांच्या वसाहतीवरही त्यामुळे एक सावली पडते: कोणी कोणाशी संसार मांडायचा हा तिथे खाजगी प्रश्न राहणार नाही, आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाकडे जातो हे सत्तेचे दुसरे केंद्र होईल.

६. कोणाच्या नजरेतून सांगायचे ते ठरवा

पहिल्या कथेसाठी सेनापती किंवा राजा घेऊ नका. त्याला सर्व काही माहीत असते, म्हणून त्याच्या नजरेतून लिहिताना माहितीचे ढीग पानावर पडतात. कोठारातली कारकून, जखमींची पट्टी बांधणारा, संदेश नेणारा हरकारा, यंत्रदुरुस्ती करणारा असा कोणी निवडा. त्याला युद्धाचा एक तुकडाच दिसेल आणि उरलेले वाचक स्वतः जोडील.

७. हे सापळे ओळखा

लांबलचक प्रस्तावना हा पहिला सापळा. हजार वर्षांचा इतिहास तुमच्या वहीत असू द्या. कथेत त्यातले तेवढेच यावे, जेवढे एखाद्या पात्राला त्या क्षणी लागते.

दुसरा सापळा परक्या नावांचा आहे. प्रत्येक वस्तूला, महिन्याला, पदाला नवे नाव दिले की वाचक शब्दकोश पाठ करत बसतो. पाण्याला पाणीच म्हणा आणि जिथे वस्तू खरोखर नवी आहे तिथेच नवा शब्द घडवा. रसद, कूच, तळ, पिछाडी, वेढा, तह, फितुरी असे युद्धाचे कसलेले शब्द मराठीत भरपूर आहेत. ते अंतराळातही उत्तम चालतात.

तिसरा सापळा मला सर्वांत गंभीर वाटतो. शत्रूला जन्मजात दुष्ट ठरवले की युद्ध नुसते पारिपत्य होते. शेजारच्या वसाहतीलाही काहीतरी पुरत नसले पाहिजे. तिच्याकडे गाळणपट्ट्या असतील, पण बर्फाचा साठा आपल्या वसाहतीच्या हद्दीत असेल. मग तह शक्य होता आणि तरीही तो का झाला नाही, हे सांगताना माणसे दिसू लागतात.

शेवटच्या परिच्छेदात अवचित सापडलेले नवे शस्त्र, दैवी शक्ती किंवा सगळे स्वप्न होते असा खुलासा आणू नका. पहिल्या पानावर सांगितलेली टंचाई शेवटीही तीच असावी आणि तिची किंमत कोणीतरी मोजलेली असावी.

८. खर्डा लिहा आणि वहीशी ताडून पाहा

पहिली कथा तीन ते चार हजार शब्दांत बसवा. एक जागा, थोडे दिवस आणि मोजकी पात्रे पुरेत. खर्डा एका दमात पुरा करा, आकडे अडले तर जागा कोरी सोडून पुढे जा.

लिहून झाल्यावर वही उघडा आणि तीन फेऱ्यांत तपासा. पहिल्या फेरीत केवळ तारखा आणि अंतरे पाहा: ज्या दिवशी हरकारा पोहोचला त्या दिवशी तो खरोखर पोहोचू शकत होता का? दुसऱ्या फेरीत टंचाईच्या वस्तूचा आकडा प्रत्येक प्रसंगात किती उरला ते समासात लिहा. सलग दोन प्रसंगांत तो जागचा हलला नसेल तर त्यातला एक प्रसंग बहुधा अनावश्यक आहे. तिसऱ्या फेरीत प्रत्येक आज्ञेखाली रेघ मारा आणि ती पाळणाऱ्याने का पाळली याचे उत्तर कथेत सापडते का ते पाहा. त्यानंतर खर्डा अशा वाचकाला द्या, ज्याला विज्ञानकथांची सवय नाही. त्याला कथा आवडली का असे विचारू नका. कोणत्या वस्तूची कमतरता होती, ती कोणाच्या ताब्यात होती आणि शेवटी किती उरली, एवढे तीन प्रश्न विचारा. तिन्ही उत्तरे तुमच्या वहीशी जुळली, तर कथा संपादकाकडे पाठवायला हरकत नाही.